भेगेचा माग: कुलाब्याच्या सुईपासून मनमाडच्या पाइपलाइनपर्यंत

मनमाडहून नांदगावच्या रस्त्याला लागले की पानेवाडीच्या आसपास टँकर उभे असलेले दिसतात. पेट्रोल-डिझेल भरून घ्यायचे आणि उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भाच्या वाटेला लागायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. पण हे इंधन पानेवाडीपर्यंत येते ते जमिनीच्या पोटातून. मुंबईतल्या माहूल इथल्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीतून निघालेली अठरा इंची पोलादी पाइपलाइन सह्याद्री चढून, सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून इथवर पोचते. १९९८ साली ती सुरू झाली. पुढे हीच वाहिनी मध्य प्रदेशातल्या मांगलियापर्यंत आणि तिथून दिल्लीतल्या बिजवासनपर्यंत वाढवली गेली.

ज्यांच्या शेताखालून ती जाते त्यांना ती दिसते फक्त खुणेच्या खांबांवरून. १९६२ साली झालेल्या पाइपलाइनच्या कायद्याप्रमाणे जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वर कांदा डोलतो आणि खाली इंधन वाहते. मधे असतो मातीचा थर आणि काही मिलिमीटर जाडीची पोलादाची भिंत.

ही भिंत पावसाळ्यामागून पावसाळे ओल्या मातीत राहते. पोलाद आणि ओल एकत्र आली की गंज आलाच. मग जमिनीखालच्या अडीचशे किलोमीटरांत ती भिंत नेमकी कुठे झिजली आहे, कुठे खड्डा पडला आहे, हे वर उभ्या असलेल्या माणसाला कसे कळणार? सगळी वाहिनी उकरून पाहणे शक्य नाही. या प्रश्नाचे उत्तर चुंबकाने दिले. ते मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली आणि त्या वाटेवर कितीतरी माणसांचे जीव गेले. मनमाडसारख्या लोखंडावर उभ्या राहिलेल्या गावाने ही हकिगत आपली म्हणून ऐकावी, अशी आहे.

लोखंडाचे गाव

मनमाडची ओळख स्टेशनापासून सुरू होते. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ नाशिकच्या बाजूने इथे आले आणि पुढे चाळीसगाव-भुसावळकडे गेले. १८७८ साली दौंडचा फाटा इथे येऊन मिळाला. एकोणिसावे शतक संपता संपता निजामाच्या मुलखातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज आली. रुंद आणि अरुंद रूळ एकमेकांना भेटायचे ते मनमाडला. एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात चढवायचा तोही इथेच. कित्येक घरांच्या चुली या हमालीवर पेटल्या.

अंकाई-टंकाईच्या डोंगरांनी आणि हडबीच्या शेंडीने वेढलेल्या या गावाला पाण्याची टंचाई कायमची. वाघदर्डीचे पाणी किती दिवसांनी येणार, याचा हिशेब घरोघरी ठेवला जातो. पाण्याची वानवा असलेल्या या गावात लोखंडाला मात्र कधी तोटा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने इथे इंजिनिअरिंग वर्कशॉप उभारले. रेल्वेपुलांचे पोलादी गर्डर तयार करणे हे त्याचे मुख्य काम, आणि आजही ते चालू आहे. मनमाडमध्ये जुळलेल्या गर्डरवरून गाडी जाते तेव्हा डब्यातल्या प्रवाशाला त्याची खबरही नसते. आपण ज्या पोलादावर भरवसा टाकला आहे ते आतून धड आहे, असे तो गृहीत धरतो. त्याच्या वतीने कोणीतरी ते तपासलेले असते.

कुलाब्याची सुई

महाराष्ट्रात चुंबकाच्या शास्त्राची मुळे शोधत गेलो तर मुंबईच्या कुलाब्याला पोचतो. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली, ती मुख्यतः ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ साली एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. जगभर एकाच वेळी सुयांकडे पाहायचे आणि नोंदी जुळवायच्या, असा तो काळ होता. ऑर्लेबारांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक किशोरवयीन मुलगा काम करी. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे केरूनाना म्हणून महाराष्ट्राला वंद्य झालेल्या, टिळकांना गणित शिकवणाऱ्या या विद्वानाची शास्त्राशी पहिली गाठ पडली ती दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाच्या सान्निध्यात.

हे काम चिकाटीचे होते. सुईचे हलणे इतके सूक्ष्म की ते नुसत्या डोळ्यांनी उमगत नसे. ठरलेल्या तासाला जायचे, वाचन घ्यायचे, वहीत लिहायचे. असे दिवसामागून दिवस. या चिकाटीचे फळ २ सप्टेंबर १८५९ रोजी मिळाले. सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले आणि कुलाब्याच्या नोंदींत त्याची मोठी घसरण उमटली. त्या दिवशी कुलाब्यात हाताने लिहिलेले आकडे आजही जगातले संशोधक अभ्यासतात.

कुलाब्याच्या सुईला एका गोष्टीची फार भीती होती, ती म्हणजे जवळच्या लोखंडाची आणि विजेची. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी ओळखले की रुळांतून वाहणारा प्रवाह सुईला धड राहू देणार नाही. या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी जागा उभी केली. तिथल्या इमारतीत पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंडी खिळ्यालाही थारा दिला नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालवून त्यांनी जुन्या आणि नव्या नोंदींचा धागा जोडून घेतला, आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबवली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. केरूनानांच्या नागावाशेजारी आलेली ती वेधशाळा आजही चालू आहे.

वेधशाळेच्या दृष्टीने लोखंड हा अडथळा होता. त्याच काळात दुसऱ्या काही माणसांच्या मनात याच्या उलट विचार घोळत होता. लोखंडामुळे चुंबकाचे क्षेत्र बिघडत असेल, तर त्या बिघाडावरूनच लोखंडाची प्रकृती ओळखता येणार नाही का?

आस मोडतो तेव्हा

हा विचार सुचण्यामागे दुःख होते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकावर एक चढले, त्यांना आग लागली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारे बाहेरून बंद केलेली होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवाकडे सफर करून आलेले दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हील पत्नी आणि मुलासह त्यांतच संपले.

आस मोडला कसा, हा प्रश्न साऱ्या युरोपला पडला. तो काही एका दिवसात ओझ्याखाली दबून मोडला नव्हता. स्कॉटलंडच्या रँकिनने पुढच्याच वर्षी दाखवले की आसाच्या कोपऱ्यात बारीक भेग जन्म घेते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ती आत सरकत जाते. मग प्रशियाच्या रेल्वेतल्या व्योलरने वर्षानुवर्षे आस फिरवून, वाकवून, मोडून पाहिले आणि पोलादाच्या थकव्याचे नियम मांडले. एकदा टाकलेले मोठे ओझे जे पोलाद सहज पेलते, तेच पोलाद लहान ओझे लाखो वेळा सोसून तुटू शकते.

रोगाचे कारण कळले, पण रोगी ओळखायचा कसा? रेल्वेतला कारागीर आसावर, चाकावर हातोडी मारून कानाने ऐके. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर बाजूला. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या चालली, आपल्याकडच्या स्टेशनांवरही चालली. मोठा तडा कानाला कळायचा. नुकतीच जन्मलेली केसाएवढी भेग मात्र मुकी असते.

तोफेची नळी आणि लोखंडाची धूळ

१८६८ साली इंग्लंडमध्ये सॅक्सबी नावाच्या माणसाने एक साधा प्रयोग केला. त्याने तोफेच्या नळीवरून होकायंत्र सरकवत नेले. नळी एकजीव असली तर सुई शांतपणे चाले. आत दोष असला तर त्या जागी ती थरथरे, वळे. कुलाब्यात जे विघ्न होते ते इथे निरोप झाले. पण होकायंत्राची सुई जाडीभरडी. तिला मोठे दोष कळत, बारीक भेगा कळत नसत.

पुढची पायरी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली, आणि ती आली डोळे उघडे ठेवणाऱ्या एका कारागिरी मनाच्या माणसामुळे. अमेरिकेच्या मानक संस्थेत विल्यम होक अचूक मापाचे पोलादी ठोकळे बनवत असे. घासताना ठोकळा हलू नये म्हणून तो चुंबकीय पकडीत धरलेला असायचा. घासल्यावर उडणारा लोखंडाचा भुगा ठोकळ्यावर कसाही न पसरता काही ठिकाणी रेघा धरून बसतो, हे त्याने पाहिले. तिथे बारकाईने पाहिले तर पोलादाला बारीक भेग. भुगा पुसून टाकायची सवय असलेल्या कारखान्यात त्याने भुग्याकडे लक्ष दिले. १९२२ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. चुंबकाच्या बलरेषांना हवेपेक्षा लोखंडातून जाणे फार सोपे जाते. अखंड पोलादातून त्या निमूट वाहत राहतात. वाटेत भेग आली की तिथे लोखंड नसते, हवा असते. मग काही रेषा पृष्ठभागातून बाहेर उसळतात आणि भेग ओलांडून पुन्हा आत शिरतात. भेगेचे दोन काठ दोन चिमुकले ध्रुव बनतात. त्यांच्यावर लोखंडाची पूड टाकली की ती तिथे धावते. पुडीची रेघ भेगेपेक्षा कितीतरी रुंद असते, म्हणून जे डोळ्याला दिसत नव्हते ते दिसू लागते.

होकने या शोधाचा धंदा केला नाही. ते काम आल्फ्रेड द फॉरेस्ट या इंजिनिअरने विसाच्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. भेग कोणत्याही दिशेला असली तरी सापडावी म्हणून पोलादाला वेगवेगळ्या दिशांनी चुंबकत्व कसे द्यायचे, पूड कोणत्या आकाराची हवी, याची शिस्त त्याने बसवली. फॉस्टर डोन हा सहकारी त्याला मिळाला आणि १९३४ साली दोघांची मॅग्नाफ्लक्स कंपनी उभी राहिली. विमानांची इंजिने, मोटारींचे भाग, रेल्वेचे आस या पुडीखालून जाऊ लागले. ‘मॅग्नाफ्लक्स’ हा शब्द आपल्याकडच्या कारखान्यांतही इतका रुळला की कित्येक फोरमन आजही तपासणीलाच त्या नावाने ओळखतात.

वेल्डवरची काळी रेघ

ही तपासणी एकदा जवळून पाहावी. पूर्वी गर्डर रिव्हेट ठोकून जोडले जात. भट्टीत लाल केलेला रिव्हेट भोकात घालायचा आणि दोन्ही बाजूंनी ठोकायचा. नंतर वेल्डिंग आले. वेल्डिंगने गर्डर हलका झाला, काम जलद झाले; पण वितळलेले पोलाद थंड होताना आकसते आणि त्या ताणात वेल्डच्या काठाला भेग पडू शकते. रिव्हेटच्या पुलात एका पट्टीला पडलेली भेग पट्टीच्या कडेशी थांबायची. वेल्डने एकजीव केलेल्या गर्डरमध्ये तिला थांबायला कडाच नाही. म्हणून वेल्ड आला की तपासणीही आली पाहिजे, हा नियमच झाला. आतल्या दोषांसाठी क्ष-किरण आणि ध्वनिलहरी. पृष्ठभागावरच्या आणि त्याच्या लगतच्या भेगांसाठी चुंबक.

तपासनीस आधी वेल्ड घासून स्वच्छ करतो, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ फवारा मारतो. मग दोन पायांचे विद्युतचुंबक, ज्याला सगळे ‘योक’ म्हणतात, वेल्डच्या दोन बाजूंना टेकवून बटन दाबतो. वीज वाहत असतानाच द्रवात कालवलेली काळी लोहपूड त्यावर सोडतो. वेल्ड धड असेल तर पूड ओघळून जाते. भेग असेल तर क्षणात पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. धारदार, किंचित वाकडी, एखाद्याने बारीक टाकाने ओढल्यासारखी. तो फोटो काढतो, खडूने खूण करतो, आणि योक काटकोनात वळवून पुन्हा लावतो. हे वळवणे विसरून चालत नाही. बलरेषांना आडवी असलेली भेगच रेषा तोडते. रेषांच्या दिशेने पडलेली भेग शांत बसून राहते. अर्धी तपासणी ही तपासणी नसतेच.

मग त्या जागेचे पोलाद ग्राइंडरने काढून टाकायचे, पुन्हा वेल्ड भरायचा, पुन्हा पूड टाकायची. गर्डरच्या अंगावर या साऱ्याची काही खूण राहत नाही. राहते ती फक्त रजिस्टरमधली नोंद.

रुळावरून पाइपमध्ये

पूड टाकायला माणूस तिथवर पोचला पाहिजे. हजारो मैल रूळ असतील तर काय करायचे? २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ रूळ फुटून गाडीचे डबे पुलावरून खाली गेले. २९ माणसे दगावली. रुळाच्या डोक्याच्या आत, बाहेरून अजिबात न दिसणारी आडवी भेग वाढत गेली होती. जहाजांसाठी घूर्णी होकायंत्र बनवणाऱ्या एल्मर स्पेरीने हा प्रश्न अंगावर घेतला. १९२८ साली त्याची तपासणीची गाडी रुळावर आली. ती रुळातून जबर प्रवाह सोडत जाई. भेग आली की प्रवाहाला वळसा घ्यावा लागे, त्याचे चुंबकीय क्षेत्र विस्कटे आणि गाडीखालच्या तारेच्या वेटोळ्यांना ते कळे. कागदावर रेघ उडाली की गाडी थांबायची. पुढे रुळांच्या तपासणीत ध्वनिलहरींनी मोठी जागा घेतली आणि भारतीय रेल्वेतही रुळांचा मुख्य भार त्यांच्यावरच आहे. पण चालत्या गाडीतून चुंबकाने पोलाद वाचता येते, हे स्पेरीने सिद्ध करून ठेवले.

हाच विचार १९६०च्या दशकाच्या मध्यावर तेलाच्या पाइपमध्ये शिरला. १९६५च्या सुमारास अमेरिकेत ट्यूबोस्कोप कंपनीने पाइपमध्ये सोडता येईल असे चुंबकीय तपासणीचे यंत्र आणले. सुरुवातीला त्याला पाइपचा फक्त तळ पाहता येई. नंतर पूर्ण वर्तुळ आले. सत्तरच्या दशकात ब्रिटिश गॅसने त्यातले बारकावे वाढवले. पाइपलाइनवाले या यंत्राला ‘पिग’ म्हणतात. आपल्याकडच्या टर्मिनलवरही तोच शब्द आहे.

पिग म्हणजे डब्यांची आखूड आगगाडीच. पुढच्या डब्यावर चुंबक आणि पोलादी तारांचे ब्रश. ते पाइपच्या भिंतीला घासत जातात आणि भिंतीत चुंबकत्व अगदी ठासून भरतात. भिंत पूर्ण जाडीची असेल तर बलरेषा तिच्यातच राहतात. गंजाने भिंत पातळ झाली असेल तर तिथे त्या मावत नाहीत, बाहेर सांडतात. वर्तुळाकार लावलेले संवेदक ही सांड मोजतात. त्यांतले बरेचसे चालतात ते एडविन हॉलने १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खावर पाहिलेल्या परिणामावर. ऐंशीच्या दशकात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे अतिशय जोरदार चुंबक निघाले, तेव्हा छोट्या यंत्रालाही जाड भिंत भरून टाकता येऊ लागली. मागच्या डब्यात बॅटरी आणि नोंदी साठवणारा संगणक. बाजूला अंतर मोजणारी चाके.

पिगला इंजिन नसते. पंपाच्या दाबाने वाहणारे इंधनच त्याला ढकलत नेते, त्यामुळे पुरवठा बंद करावा लागत नाही. सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने तो निघाला, तर अडीचशे किलोमीटरला जवळजवळ तीन दिवस लागतात. एका टोकाला त्याला आत घालायचे दार, दुसऱ्या टोकाला बाहेर काढायचे दार. आधी साफसफाईचा पिग सोडून मळ काढून घेतात, मग मापाची चकती लावलेला पिग सोडून पाइप कुठे चेपला नाही ना ते पाहतात, आणि मगच हा हुशार पिग जातो. तो बाहेर आला की त्याच्या पोटातली माहिती उतरवून घेतात, आणि अमुक किलोमीटरवर, घड्याळाच्या काट्याप्रमाणे अमुक वाजण्याच्या जागी, भिंत इतकी झिजली आहे, असा तक्ता तयार होतो. मग त्या जागी खड्डा घ्यायचा, पाइप उघडा करायचा आणि तक्ता खरा आहे का ते हाताने मोजून पाहायचे.

चोरट्यांनी पाइपला जोडलेली तोटीही या तक्त्यातून सहसा लपत नाही, कारण पोलादात केलेला फेरफार चुंबकाला कळतो. मनमाडकरांना इंधनाच्या काळ्या धंद्याची किंमत ठाऊक आहे. २५ जानेवारी २०११ रोजी याच पानेवाडी परिसरात, इंधनाची भेसळ अडवायला थांबलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. तपासणीचे काम यंत्राने सोपे केले, तरी समोर उभे राहण्याचे धैर्य माणसालाच दाखवावे लागते.

ट्रॉम्बेचे यंत्र

या पिगचे तंत्र अनेक वर्षे जगातल्या मोजक्या कंपन्यांच्या हातात होते. त्या यंत्र विकत नसत. यंत्र घेऊन यायच्या, तपासणी करून द्यायच्या आणि परकीय चलनात बिल घ्यायच्या. आपल्या पोलादाची प्रकृती आपल्याला परक्याच्या तोंडून ऐकावी लागत होती.

मनमाडची पाइपलाइन जिथून सुरू होते त्या माहूलच्या शेजारीच ट्रॉम्बे आहे. माहूलची रिफायनरी १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने सुरू केली आणि १९७६ साली ती राष्ट्राच्या मालकीची झाली. ट्रॉम्बेला होमी भाभांनी उभारलेले अणुसंशोधन केंद्र. अणुभट्टीतल्या नळ्यांची, जिथे माणसाला हात लावता येत नाही अशा धातूंची तपासणी करण्यात तिथल्या शास्त्रज्ञांची हयात गेलेली. त्यांनी इंडियन ऑइलच्या संशोधकांबरोबर चुंबकीय पिग देशातच घडवायचे ठरवले.

सुरुवात बारा इंची पाइपच्या यंत्राने झाली. पाइप जितका लहान तितके काम कठीण, कारण चुंबक, संवेदक, बॅटरी, संगणक सगळे त्या घेरात बसवायचे. इंधनाच्या दाबात ते फुटता कामा नये, ज्वलनशील द्रवात ठिणगी उडता कामा नये, वळणावर अडकता कामा नये. शंभर-शंभर किलोमीटर जाऊन आले तरी एकही नोंद हरवता कामा नये. आणि माहिती हाती आल्यावर त्या लाखो वळणदार रेघांतून वेल्ड कोणता, झडप कोणती आणि गंज कोणता हे ओळखणारे गणितही आपलेच हवे. मुद्दाम दोष कोरलेल्या पाइपांतून यंत्र ओढून ओढून हे गणित पक्के करावे लागते. हे यंत्र उभे राहिले, देशातल्या पाइपलाइनमधून धावले आणि नंतर मोठ्या व्यासांचीही यंत्रे बनली. कुलाब्याच्या वेधशाळेत केरूनानांनी वहीत आकडे भरले त्याच शहरात, दीडशेहून अधिक वर्षांनी, चुंबकाच्या नोंदी वाचण्याचे काम एका नव्या कारणासाठी सुरू झाले.

तपासणाऱ्याचे ऋण

२७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात गॅसची पाइपलाइन फुटली. हवेत पसरलेल्या गॅसने पेट घेतला. घरे, नारळीच्या बागा होरपळल्या, वीसहून अधिक माणसे गेली. गंजलेला पाइप हे कारण पुढे आले. व्हर्सायच्या आसापासून नगरमच्या पाइपपर्यंत १७२ वर्षांचे अंतर आहे, पण पोलादाने त्या काळात आपला स्वभाव बदललेला नाही. दोष आधी लहान असतो, गुपचूप असतो, आणि त्याला भरपूर वेळ मिळतो.

बदलले आहे ते आपले ज्ञान. आता दोष आधी कळू शकतो. त्यामुळे जबाबदारीही बदलली आहे. १८४२ साली आस मोडला तेव्हा ‘कळले नाही’ हे उत्तर खरे होते. आज ज्या पोलादाची तपासणी करता येते त्याच्या बाबतीत ते उत्तर मान्य करता येणार नाही. तपासणी लांबवणे, योक एकाच दिशेने लावून सही करणे, पिगच्या तक्त्यात दाखवलेली जागा उकरायचे पुढच्या वर्षावर ढकलणे, या गोष्टींना निष्काळजीपणा हेच नाव आहे.

आपल्याकडे पूल बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरतात. पूल वर्षानुवर्षे पडला नाही, पाइप फुटला नाही, याचे श्रेय कोणाच्या नावावर जमा होत नाही, कारण न घडलेल्या अपघाताची बातमी होत नसते. ते श्रेय लोहपुडीचा डबा आणि योक घेऊन गर्डरखाली वाकणाऱ्या तपासनीसाचे आहे, उन्हातान्हात पाइपच्या पट्ट्यावरून चालत जाणाऱ्या लाइनवॉकरचे आहे, आणि रात्र जागून पिगच्या रेघा वाचणाऱ्या इंजिनिअरचे आहे.

मनमाड, नांदगाव, येवला, मालेगाव इथली मुले आयटीआयमध्ये, डिप्लोमाला जातात आणि बहुतेक जण फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांकडे वळतात. एनडीटी, म्हणजे वस्तू न मोडता तिची परीक्षा घेण्याचे शास्त्र, हाही एक धंदा आहे आणि त्याला जगभर मागणी आहे. त्यासाठी लागते स्वच्छ नजर, धीर आणि जे दिसले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा. रूळ, गर्डर आणि पाइपलाइन ज्यांच्या दारात आहेत त्या मुलांनी ही विद्या शिकावी आणि त्यांच्या मास्तरांनी त्यांना तिच्याकडे वळवावे, एवढीच विनंती आहे.

पानेवाडीला टँकर आजही भरले जात आहेत, आणि माहूलहून येणारे इंधन त्या काही मिलिमीटरच्या भिंतीच्या भरवशावरच वाहते आहे.